योग्य खणातली किल्ली

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. कारण, रिटायर होऊन काल एक वर्ष पूर्ण झालं. पेटंट ऑफिसात नोकरी करणाऱ्याला स्वतःच्या नावाने पेटंट घेता येत नाही. नोकरी सुटल्यावरही वर्षभर मी आपणहून थांबलो, कुणी बोट दाखवू नये म्हणून. ते वर्ष संपलं. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या शोधांवर नंबर टाकत आलो. आता एक कागद माझ्या नावाचा हवा. बास, एवढंच मागणं आहे.

शोध काय ते इथे लिहिणार नाही. वही कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. सांकेतिक नाव : प्रकल्प सात. (आधीचे सहा नाहीतच. पण चोराला ते काय माहीत!)

वही स्वेटरांखाली.

संध्याकाळी ८
बायकोने विचारलं, तुमच्या त्या किल्लीचं कुठवर आलं. मी गारच पडलो. तुला कुणी सांगितलं, विचारलं. म्हणाली, महिनाभर जेवताना दुसरं काय बोलता तुम्ही?
ठरलं : यापुढे जेवताना बोलायचं नाही.

५ फेब्रुवारी
थोडक्यात नोंद करून ठेवतो, नाहीतर पुढे माझं चरित्र लिहिणाऱ्याची पंचाईत होईल.
माणूस घराला कुलूप लावतो, जिना उतरतो, आणि शंका येते. लावलं का? परत वर. लावलेलं असतं. पुन्हा खाली. पुन्हा शंका. मी स्वतः दिवसातून तीन वेळा वर जाऊन येतो. सवय नाही, सावधगिरी आहे. यावर उपाय : किल्लीच्या डोक्यावरच एक चकती. कुलूप लावल्याशिवाय ती फिरणारच नाही. खाली आल्यावर खिशातून किल्ली काढायची, चकती बघायची, निवांत चालू लागायचं.
इतकी साधी गोष्ट जगात कुणाला सुचू नये याचं आश्चर्य वाटतं. पण मोठ्या शोधांचं असंच असतं.

एका माणसावर लक्ष ठेवायला हवं. शेजारचे मास्तर. रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर, बावीस वर्षं भिंतीला भिंत. आमच्या घराची जादा किल्ली त्यांच्याकडे, त्यांची आमच्याकडे. आज मी तिसऱ्यांदा वर आलो तर दारात उभे. हसले आणि म्हणाले, साहेब, कुलूप का?
माझ्या कुलपाचं यांना काय पडलंय?

९ फेब्रुवारी. सकाळी १०
सर्च सुरू. जगात कुठेही, कुणीही, कधीही तीच गोष्ट आधी छापलेली सापडली तर पेटंट गेलं. त्या आधीच्या कागदांना प्रायर आर्ट म्हणतात. ते शोधायचे कसे, हे मला कुणी शिकवायला नको. लोक नुसते शब्द टाकून शोधतात आणि फसतात. एक जण किल्ली म्हणतो, दुसरा चावी, तिसरा 'अटकाव-साधन' असं काहीतरी भारदस्त लिहितो. म्हणून वर्गवारी. जगातले सगळे शोध ए ते एच अशा आठ विभागांत बसवलेले आहेत. विभागात वर्ग, वर्गात उपवर्ग, उपवर्गात गट. घराच्या पत्त्यासारखंच. गाव, रस्ता, बिल्डिंग, खोली. भाषा कुठलीही असो, पत्ता एकच. कुलपं-किल्ल्या म्हणजे विभाग ई, ई-झिरो-फाइव्ह-बी. हातकड्याही तिथेच. (बायकोला हे सांगितलं तर म्हणाली, बरोबर आहे. काय बरोबर ते सांगितलं नाही.)

नियम एकच : वस्तूचं नाव बघू नये, काम बघावं. दिसतं कसं ते तर अजिबात बघू नये. खेळण्यातलं विमान खेळण्यांत जातं, विमानांत नाही. एकतीस वर्षांत माझ्या हातून एकही कागद चुकीच्या खणात गेला नाही. अर्जदाराचं नाव मी कधी वाचत नसे, नाव वाचलं की माया येते. शिवाय चार पन्नासची बसही कधी चुकवली नाही.
लोक विचारायचे, एवढ्या लाखो कागदांत आमचा कुणाला सापडणार? मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचो. योग्य खणात ठेवला की योग्य माणूस येतोच. मास्तरांनीसुद्धा एकदा जिन्यात हेच विचारलं होतं, पुष्कळ वर्षं झाली. ड्रॉइंग मास्तरांना ही चौकशी कशाला? तेव्हाच संशय यायला हवा होता.

दुपारी ४
कॉम्प्युटरवर आपण काय शोधतो याची कुठेतरी नोंद होत असणार. म्हणून सर्च फसवा ठेवला. आधी चार वेळा घोड्याचे नाल शोधले. मग पोहण्याचे चष्मे. मग हळूच कुलपं.
योग्य गटात चारशे बारा कागद. साठ नीट वाचले. उरलेले चेहऱ्यावरून ओळखीचे वाटले.
चकती नाही! कुठेही नाही!

२० फेब्रुवारी. सकाळी ९
मास्तर बाहेर निघाले होते. दाराच्या भिंगातून पाहिलं. कुलूप लावलं आणि किल्लीशी बोटाने काहीतरी चाळा करत उभे राहिले. म्हातारपणी असे चाळे लागतात. मग किल्लीकडे एकवार पाहून सरळ जिना उतरले. परत वर आले नाहीत. बेफिकीर माणूस. अशांच्याच घरी चोऱ्या होतात.

सकाळी ११.३०
दाढी करताना कल्पना सुचली. अक्षरशः आकाशातून पडावी तशी! चकतीवर सात वार! मंगळवारी कुलूप लावलं तर मंगळवार दिसणार. म्हणजे कालचं लावलेलं आजचं वाटायला नको. ही सुधारणा म्हणजे कळस आहे. कुठून सुचतं मला हे, कळत नाही.

३ मार्च
नमुना हवा. पण किल्लीवाल्याला सगळं सांगितलं तर उद्या तोच अर्ज करेल. म्हणून निम्मं काम बाजारातल्या किल्लीवाल्याकडे, निम्मं स्टेशनच्या बाजूच्याकडे. एकाला फक्त डोकं, एकाला फक्त दांडा. दोघांनाही माप तोंडी सांगितलं, कागद द्यायचा नाही.

११ मार्च
डोकं दांड्यावर बसत नाही. चूक त्यांची.
बाजारातल्या किल्लीवाल्याने डोकं उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, हे तर माझ्या वडिलांनी करून दिलं होतं एका गिऱ्हाईकाला, मी तेव्हा शाळेत होतो. चकती, वार, सगळं अस्संच. मी विचारलं, गिऱ्हाईक कसं होतं दिसायला? म्हणाला, उंच, हाताला रंग लागलेला, मला शाळेत चित्रं शिकवायचे.
घरी येईपर्यंत सगळी संगती लागली. मास्तरांनी किल्लीवाल्याला फितवलंय. 'पूर्वीच केलं होतं' असं त्याच्याकडून वदवून घ्यायचं, म्हणजे मी घाबरून अर्ज करणार नाही! डाव वाईट नव्हता. पण गाठ माझ्याशी आहे.

२६ मार्च. दुपारी ३
अर्ज दाखल. पावती मिळाली. तीन वेळा वाचली, माझंच नाव आहे.
ज्येष्ठ नागरिकांचा अर्ज लवकर तपासतात, म्हणून त्या रकान्यात खूण केली. बायको म्हणाली, बसमध्ये ज्येष्ठांच्या सीटवर बसा म्हटलं की भांडता, आणि इथे बरं ज्येष्ठ होता आलं.
येताना तपासणी विभागात डोकावलो. माझा अर्ज चिमणीकडे जाणार असं कळलं. चिमणी म्हणजे माझ्याच हाताखाली तयार झालेली मुलगी. आवाज बारीक म्हणून सेक्शनमध्ये सगळे तिला चिमणी म्हणायचे. आता मोठी तपासनीस आहे. उठून उभी राहिली, सर म्हणाली. काम झाल्यात जमा.

८ एप्रिल
मास्तरांकडून आपली जादा किल्ली परत घेतली. त्यांना सांगितलं की पाहुणे येणार आहेत. मास्तर आत गेले, किल्ली आणली, रुमालाने पुसून माझ्या हातात दिली. म्हणाले, बावीस वर्षांत दोनदाच लागली, दोन्ही वेळा तुमच्या धाकटीला शाळेतून लवकर सोडलं होतं म्हणून.
आवाज थोडा पडलेला वाटला. चोरी पकडली गेली की पडतोच.
त्यांची किल्ली मात्र परत केली नाही. पुरावा म्हणून राहू दे.

बायको संध्याकाळी माझ्याशी बोलली नाही. कारण विचारलं तर पाहुणे कधी येणार म्हणाली.

१७ एप्रिल, शुक्रवार. रात्री ८
आजचा दिवस घटनांनी भरलेला.
बायको सकाळीच तिच्या बहिणीकडे गेली. मी नमुन्याची पहिली चाचणी घेतली. (डोकं दांड्याला दोऱ्याने बांधलं आहे. तात्पुरतं.) कुलूप लावलं. चकती बोटाने फिरवली, शुक्रवार दिसला. यशस्वी! उघडायला गेलो तर दांडा कुलपात आणि डोकं माझ्या हातात.
जादा किल्ली घरात, स्वेटरांखाली, वहीशेजारी.

पायात चप्पल नाही. मास्तरांनी दार उघडलं, एक शब्द न विचारता आत घेतलं, चहा केला. बायको येईपर्यंत साडेचार तास त्यांच्या बाहेरच्या खोलीत बसलो. ते खिडकीशी बसून पेन्सिलींना टोकं काढत होते. मध्येच म्हणाले, नोकरी बरी असते साहेब, ठरल्या वेळी संपते. मी त्यावर सावध राहिलो.
आणि मग भिंतीवर लक्ष गेलं. फ्रेममध्ये एक चित्र. गोल चकती, सात भाग, सात वार, खाली किल्लीचा दांडा, बाणांनी दाखवलेलं काम. माझा शोध! माझ्या डोळ्यांसमोर, काचेखाली!
कधी केलंत, विचारलं, आवाज शक्य तेवढा साधा ठेवून. म्हणाले, झाली की वीसेक वर्षं, बायको होती तेव्हा, ती तुमच्यासारखीच सारखी वर येऊन कुलूप बघायची.
कागदसुद्धा पिवळा केलाय. ड्रॉइंग मास्तर ना, चहाच्या पाण्यात बुडवला असणार. फ्रेमवरची धूळही खरीच वाटत होती. माणसाने किती तयारी करावी!

१८ एप्रिल
ऑफिसला पत्र टाकलं, चिमणीच्या नावाने. मास्तरांचं पूर्ण नाव, पत्ता, खोली नंबर. 'सदर इसमाने माझ्या शोधाची नक्कल केल्याचा दाट संशय आहे. या नावाने काही अर्ज आल्यास तत्काळ शोध घ्यावा.' रजिस्टर पोस्टाने.
बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्यांच्या घरी साडेचार तास बसून चहा प्यायलात ना तुम्ही. मी म्हटलं, चहा आणि न्याय वेगळा.

१२ जून
उत्तर नाही. चिमणी कसून तपास करत असणार. माझीच तालीम.
चकतीची नवी, अखंड किल्ली करून घेतली, आता तीच वापरतो. एका वर्षाच्या आत ही चकती प्रत्येकाच्या खिशात असेल. सहीचा सराव सुरू केला आहे, जरा तिरकी केली की बरी दिसते.

४ ऑगस्ट
मास्तर जिन्यात भेटले. त्यांनी विचारलं, पाहुणे गेले का? मी म्हटलं, यायचेत अजून. ते बरं म्हणाले आणि एकेक पायरी सावकाश चढत वर गेले. गुडघे दुखतात म्हणे. जिना परत परत चढावा लागत नाही हे त्यांचं नशीब.

१८ सप्टेंबर
चिमणीचा फोन. म्हणाली, सर, रिपोर्ट पोस्टात टाकलाय, आधी फोन करावासा वाटला. मी म्हटलं, घाबरू नकोस, चांगली बातमी हळूच दे. ती म्हणाली, सर, तुम्ही पत्र पाठवलंत म्हणून सापडलं, वर्गवारीतून शोधलं असतं तर जन्मात सापडलं नसतं. रिपोर्ट आला की घरात बसून वाचा म्हणाली.
म्हणजे मास्तर पकडले गेले!
बायकोला बातमी दिली. तिने गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसली. आनंदाचे प्रकार वेगवेगळे असतात.

२२ सप्टेंबर. दुपारी १२.४०
रिपोर्ट आला.
चार पानं. माझे सगळे मुद्दे एकाच कागदासमोर पडतात. एकोणीस वर्षांपूर्वीचा अर्ज. रीतसर छापलेला. किल्लीच्या डोक्यावर चकती, कुलूप लावल्यावरच फिरणारी, चकतीवर सात वार. अर्जदाराचा पत्ता आमच्याच बिल्डिंगचा. खोली नंबर शेजारचा.

प्रथम वाटलं, ऑफिसच्या आत कुणीतरी सामील आहे. एकोणीस वर्षं मागची तारीख टाकून कागद घुसवला. चिमणीच? दहा मिनिटं तसंच समजून चाललो. बरं वाटत होतं.

मग वर्ग पाहिला. ई-झिरो-फाइव्ह-बी नाही. विभाग जी. जी-झिरो-नाइन-डी. रेल्वेची वेळापत्रकं आणि बारमाही कॅलेंडरं.
किल्ली, कॅलेंडरांत! कुठल्या गाढवाने टाकली?
चिमणीने शेवटच्या पानाला जुन्या वर्गवारीच्या चिठ्ठीची प्रत जोडली आहे. चिठ्ठीवर वार : शुक्रवार. वेळ : चार चाळीस. खाली आद्याक्षरं.
सही तेव्हा सरळ करायचो.

२२ सप्टेंबर. संध्याकाळी ५
चित्रावर सात वार दिसले असणार. वार दिसले की कॅलेंडर. पान उलटलंच नसणार. बस चार पन्नासची.
बायकोला दाखवलं. वाचून झाल्यावर ती म्हणाली, त्या वर्षी मास्तर पेढे घेऊन आले होते, आठवतंय? अर्ज छापला गेला म्हणून. तुम्ही खुर्चीतून उठला नव्हतात. त्यांनी विचारलं, आता कुलपांच्या कंपन्यांना हे सापडणार कसं? तुम्ही सांगितलंत, योग्य खणात ठेवलं की योग्य माणूस येतो. ते आणि त्यांची बायको किती दिवस पोस्टमनची वाट बघत होते. नंतर ती गेली आणि त्यांनी तो विषयच काढला नाही.
मला आठवत नाही. मग आठवलं. जिन्यात नव्हतं, आमच्याच घरात होतं. पेढा मी दोनदा घेतला होता.

कुलपांचा माणूस कुलपांच्या खणात शोधतो. कॅलेंडरांत कोण कशाला जाईल? मीसुद्धा गेलो नाही.

२३ सप्टेंबर
अपील करता येईल का पाहत होतो. मुद्दे काढले. मुद्दा एक : माझ्या चकतीवर वार मोठ्या अक्षरांत आहेत.
दुसरा मुद्दा सुचला नाही.
उद्या मास्तरांकडे जायचं. काय बोलायचं ते कागदावर काढून ठेवलं आहे. सुरुवात हवामानाने.

२४ सप्टेंबर
नाही गेलो. ते झोपले असतील असं वाटलं. सकाळचे अकरा वाजले होते.

२५ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी ११.५०
बायको लायब्ररीत गेली आणि मी रिपोर्ट व आमची जादा किल्ली घेऊन गेलो. कागदावर काढलेलं घरीच राहिलं. त्यामुळे आहे तसं सांगितलं. तुमचा कागद मीच टाकला, आणि चुकीच्या जागी टाकला. तुमच्याबद्दल पत्र लिहिलं तेही सांगितलं. पाहुणे नव्हते तेही.
वाटलं होतं, ओरडतील. तेच बरं झालं असतं.
त्यांनी एकच विचारलं, मग होता कुठे इतकी वर्षं? मी म्हटलं, कॅलेंडरांत. ते म्हणाले, तिकडे कुणी आलं होतं का? मी म्हटलं, नाही, कोण येणार.
मग त्यांनी रिपोर्ट मागितला, चष्मा लावला, आणि त्यात आपला नंबर छापला आहे ती ओळ बोटाने शोधून मोठ्याने वाचली. दुसऱ्यांदा वाचताना फ्रेमशेजारच्या बायकोच्या फोटोकडे पाहिलं आणि म्हणाले, सापडला गं एकदाचा.
मला तिथे बसवेना. लाज वाटली, दुसरा शब्द नाही.
उठताना मी जादा किल्ली पुढे केली. त्यांनी घेतली, खुंटीवर जुन्या जागी अडकवली. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, साहेब, इकडे येताना कुलूप लावलंत ना? मी म्हटलं, हो, नक्की, आणि खिशातून माझी चकतीची किल्ली काढून त्यांना दाखवली.
चकतीवर गुरुवार होता.

घरी आलो. दार सताड उघडं. आत फिरून एकेक वस्तू पाहिली, स्वेटरांखालीसुद्धा हात घातला. वही होती तिथेच होती. कुणी काही नेलं नव्हतं.